रेंडर होईपर्यंत

"बसा जरा. वेळ लागेल."

टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे बघताना तिला तो जुना आवाज आठवला. बहिणीच्या लग्नाची फिल्म न्यायला ती या स्टुडिओत आली होती, आणि पडद्यासमोरचा किडकिडीत पोरगा मान वर न करता एवढंच म्हणाला होता. ती बसली. कॉम्प्युटरवर फिल्म रेंडर होऊन तयार होईपर्यंत तो बोलत राहिला, जणू जन्मभराचं तिच्यासाठीच साठवून ठेवलेलं. पुढे त्याच्याशी लग्न होऊन ती त्याच स्टुडिओची मालकीण झाली. बोलणं मात्र तेव्हाइतकं पुन्हा कधी झालं नाही.

दिवसभर नवऱ्याच्या कानावर हेडफोन. जेवायला हाक मारली की "हं". दुसऱ्यांदा मारली की "हं हं". पण फिल्म जोडून झाली, रेंडरचं बटण दाबलं, की पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी निघायची. ती टोकाला पोचेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायची सोय नसे. मग तो मागच्या पायरीवर येऊन बसायचा. ती चहा घेऊन शेजारी.

तेवढा वेळ तिचा. कॅमेरा दिसताच पोट आत ओढून लालबुंद होणाऱ्या कुणाच्या तरी काकांची तो नक्कल करायचा. परगावच्या लेकीने फोनवर काय सांगितलं ते पुन्हा ऐकवायला लावायचा. कधी नुसताच गप्प, पण खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. आई कामं उरकताना गुणगुणायची ते तिला अशा वेळी आठवे:

थांब थांब दिसा, नको मावळू घाईनं
अर्धं बोलणं ठेवलं ओठांआड बाईनं

तेवढ्यात आत टिंग वाजायचं. ती लगेच उठायची. "चला, कामं पडलीत." ते त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच म्हटलेलं बरं, असं तिला वाटे.

गेल्या वर्षापासून पट्टी फारच रेंगाळायला लागली. एक कप चहाच्या जागी दोन होऊ लागले. तिला मनातून बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची. गिऱ्हाईकं तोंडावर बोलून दाखवत, "समोरचा स्टुडिओवाला एका दुपारात फिल्म हातात देतो हो."

"अहो, प्रोसेसर बदलायचा का?" ती अधूनमधून विचारायची.

"चालतोय की अजून. चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"चालती कुठे? ढकलावी लागतेय."

तो हसून विषय टाळायचा. ती वरवर रागवायची, आणि आत कुठेतरी सुटकेचा निःश्वास टाकायची. ही कंजुषी देवाने त्याला तिच्यासाठीच दिली असावी.

पण काल सकाळी, ज्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाची फिल्म इथे झाली होती ते गृहस्थ धाकटीच्या लग्नाचं चित्रण घेऊन आले, आणि मान खाली घालून समोरच्या दुकानात शिरले. नवरा दारातच होता. तो कितीतरी वेळ त्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिला. तीन शब्दांची तर पाटी. त्याच्या पाठीकडे बघताना तिचं ठरलं. पायरी गेली तर गेली. दुकान राहायला हवं.

आज तो शूटिंगला बाहेर पडल्यावर तिने नवा प्रोसेसर आणला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. टक्कल, ढेरी, गळ्यात स्टेथोस्कोप तेवढा नव्हता.

"उघडण्याआधी नाडी बघतो," म्हणत त्याने कॉम्प्युटर सुरू केला. थोडा वेळ टकटक केली. मग चष्मा कपाळावर नेला.

"वहिनी, पेशंट म्हातारा आहे, पण अंथरुणाला खिळलेला नाही. याच्या पायात कुणीतरी बेड्या घातल्यात."

"म्हणजे?"

"हे बघा. कितीही काम आलं तरी पाव ताकदीच्या वर जायचं नाही, असं याला सांगून ठेवलंय. हे काढलं की अजून दोन-तीन वर्षं पळेल. नवा परत करून टाका."

"आपोआप होत असेल ना असं?"

"छे. आत शिरून कुणीतरी मुद्दाम करावं लागतं." डॉक्टरने दाराकडे पाहिलं. "या दादा, बरे आलात. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याची ही कुठली तऱ्हा?"

नवरा दारात उभा होता. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. त्याने टेबलावरची नव्या प्रोसेसरची डबी पाहिली, पडदा पाहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही केलंत?" तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"गिऱ्हाईकं चालली, अहो. मी इतक्यांदा विचारलं. दरवेळी आपलं चालतोय, चालतोय. आणि हळू तुम्हीच केलेला? कशासाठी?"

डॉक्टरला एकाएकी स्क्रू-ड्रायव्हर सापडेनासा झाला. तो टेबलाखाली शिरला.

नवऱ्याने बॅग खाली ठेवली. लेन्सचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मागच्या दारातून पायरी दिसत होती. तिकडे बघत तो म्हणाला, "टिंग वाजलं की तू लगेच उठतेस. म्हटलं, जरा उशिरा वाजू दे."