गाळलेली वाक्यं

“थांब, वहिनी. ते वाक्य परत वाच.”

वहिनीने बोट मागे नेलं. “‘मात्र हा सगळा युक्तिवाद चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.’ का गं? चुकलं का माझं काही?”

वहिनीचं काहीच चुकलं नव्हतं. कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा हा सराव उतारा दादाने आपल्या बहिणीला आदल्या आठवड्यातच वाचून दाखवला होता. रस्ता रुंद करायला झाडं तोडावीत की नाही, याबद्दलचा. त्यात हे वाक्य नव्हतं. असतं तर तिच्याकडून सुटलं नसतं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे.

“आता कालचा काढ.”

तिथेही तेच. त्याच्या आधीच्यातही तेच. ‘मात्र’, ‘परंतु’, ‘असे असले तरी’ म्हणत लेखक जिथे वळतो, नेमकी तीच वाक्यं दादाच्या वाचनात नव्हती.

बाकी विषयांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आकलनाचं घोडं तेवढं अडायचं. क्लासचे सर तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुझी समजच कमी पडते. दुसरं काहीतरी बघ.” फोनकडून वाचून घेते म्हटलं, तर दादानेच मोडता घातला. “परीक्षेत माणूस वाचून दाखवणार. माणसाच्या आवाजाची सवय कर.” कामावरून दमून यायचा आणि वाचायला बसायचा. तिला केवढं कौतुक वाटायचं त्याचं!

संध्याकाळी तो चपला काढतोय तोच तिने विचारलं, “दादा, ‘मात्र’ कुठे गेलं?”

तो आधी हसला. मग म्हणाला, वेळ वाचावा म्हणून गाळलं. मग आवाज चढवला, “वकील होऊन असे कोणते दिवे लावणार आहेस?”

“वेळच वाचवायचा होता, तर कुठलीही वाक्यं गाळायचीस. हीच बरी सापडली? उतारा तुला किती नीट कळत होता रे!”

तो एकदम फुटला. “तू हॉस्टेलवर गेलीस तर बाबांचं कोण करणार? त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. मी नोकरी सोडू?”

आतल्या खोलीत बाबा खोकले. त्यांनी अंथरूण धरल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती. आणि आल्या-गेल्यासमोर हाच दादा उसासे टाकायचा, “आमच्यामागे हिचं कसं होणार, याचाच घोर आहे हो.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “उद्यापासून बाबांची सकाळ तुझी,” ती म्हणाली. “आणि वहिनीवर ढकलायची नाही. ती माझ्याजवळ वाचायला बसणार आहे.”

वहिनी अडखळत वाचायची, पण स्वल्पविरामसुद्धा सोडायची नाही. आकलनाचे गुण भराभर चढले. सरांनी क्लासमध्ये जाहीर केलं, आपली पद्धत लागू पडली.

निकालाच्या दिवशी दादाच फोन घेऊन धावत आला. “निवड झाली तुझी! पहिल्याच यादीत!” त्याचा आवाज खरा वाटत होता.

“वहिनी,” ती म्हणाली, “आता तू वाच.”