बहिरा केलेला फोन

दुरुस्तीवालीने ओठांवर बोट ठेवलं आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, "आहे. ऐकणारं अ‍ॅप आहे."

फोन घेऊन आलेली ती काउंटरला धरून उभी राहिली. शंका होतीच, पण शंका वेगळी आणि बॉलपेनने लिहिलेलं वाचणं वेगळं. स्वयंपाकघरातल्या फळीवर नुसत्या पडलेल्या फोनच्या कोपऱ्यात, माइक चालू असल्याचा हिरवा ठिपका पेटलेला तिने तीनदा पाहिला होता. म्हणून आज फोन घरूनच बंद करून आणला, आणि दुकानात चालू केल्यावर कागदावरच बोलायचं ठरलं.

"कुणाकडे जातं ते शोधू? तासभर लागेल," दुरुस्तीवालीने लिहिलं.

तिने पेन ओढून घेतलं. "नको. मला माहीत आहे. तासभर नाही माझ्याकडे."

साडेचार झाले होते. नवरा सहाला घरी यायचा. शिंप्याकडे जाऊन यायला पाऊण तास, हे त्यानेच ठरवून दिलेलं. आल्यावर तो आधी फोन हातात घ्यायचा आणि कुणाशी किती वेळ बोलली ते बघायचा. "या घरात भिंतींना कान आहेत, आणि ते माझे आहेत," असं हसत म्हणायचा. बाहेर सगळ्यांना तो फार आवडे. जिन्यात भेटलेल्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर नेऊन द्यायचा. त्याच हातांनी मग घरात तिचा चष्मा दोनदा फोडला होता.

फोन बंद करून दुरुस्तीवालीने सुस्कारा सोडला. "हं, आता बोला. शाळा सुटल्यासारखं वाटलं बघा."

"अ‍ॅप काढून टाकता का?"

"काढलं की लावणाऱ्याला लगेच कळतं. तो दुसरं काहीतरी शोधेल. त्यापेक्षा फोनचे कानच कापू." तिने मागचं झाकण गरम करून उचकटलं. "माइक तीन असतात. एक खाली, एक वर, एक कॅमेऱ्याजवळ. तिन्ही काढते. बोलायचं झालं तर इअरफोन लावा, त्याला स्वतःचा माइक असतो."

"पण ऐकणाऱ्याला काय वाटेल?"

"काय वाटणार? बाई आज गप्प आहे."

"ह्यांना तेच तर हवं असतं," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग तिला हसल्याचंच रडू आलं. दुरुस्तीवालीने मान वर केली नाही. चिमट्याने माइक उचलत राहिली.

"फोन त्यांनीच दिलाय का?"

"धाकट्या भावाने दिला. पण आल्या आल्या ह्यांनी आठवडाभर ठेवून घेतला. सगळं लावून देतो म्हणाले."

"मग भावाला सांगा ना."

"त्याच्या जिवाला घोर कशाला? आणि भोळा आहे हो तो, वेळकाळ कळत नाही त्याला. घरात वादळ उठलेलं असतं आणि हा ह्यांना फोन करून विचारतो, दाजी, टायर कुठले घेऊ? ह्यांना सल्ला द्यायला फार आवडतं. अर्धा तास बोलत बसतात, तोवर राग निवतो. एकदा तर कलिंगड घेऊन दारातच उभा. नशीबच म्हणायचं माझं."

"बरंय. नशिबाला तरी तुमचा पत्ता माहीत आहे."

पाच वाजून दहा मिनिटांनी ती घरी पोचली. फोन चालू करून फळीवर ठेवला. हिरवा ठिपका पेटला. पेट मेल्या, ती मनात म्हणाली, आणि शेजारच्या काकूंना हाक मारली.

सहा वर्षांत या घरात ती पहिल्यांदाच पूर्ण आवाजात बोलली. दुसऱ्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात तिला नोकरी मिळाली होती, राहायला खोली होती. उद्या सकाळी आठची गाडी. काकू आज लेकीकडे मुक्कामाला जाणार होत्या, लेकीचं घर बसस्टँडजवळ. त्यांनी कपड्यांची पिशवी आणि सर्टिफिकेटांची फाइल बरोबर नेली.

"एक रात्र काढ पोरी," काकू म्हणाल्या. "उलट बोलू नकोस."

सहाला नवरा आला. हातपाय धुतले, चहा घेतला. मग कपाट उघडून त्याने कसलासा कागद शोधला आणि शोधता शोधता थांबला.

"तुझी फाइल कुठे आहे?"

"असेल की तिथेच."

"नाहीये." त्याचा आवाज अगदी साधा होता. "आणि हिरवी साडीही नाहीये."

त्याने दाराची कडी लावली. खिडक्या लावल्या. टीव्हीचा आवाज वाढवला. ती मागे सरकत स्वयंपाकघरात आली. तिथून पुढे भिंतच होती. तिला खूप भीती वाटली, आजवर वाटली नव्हती एवढी. पलीकडे काकू नव्हत्या. त्याचा फोन टेबलावर पडला होता. विचार रे बाबा, टायरचं विचार, नाहीतर कशाचंही विचार, ती मनात घोकत राहिली.

फोन वाजला नाही. त्याने हात उगारला तशी ती किंचाळली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ एका कानात इअरफोन घालून शेंगा सोलत बसला होता. रोज या वेळेला त्याच्या कपाळावर आठी असे. आज नव्हती.

"काय चाललंय ताईंकडे?" बायकोने विचारलं.

"कधीपासून ऐकतोय. भांडंसुद्धा वाजलेलं नाही." तो हसला. "आज दाजींना फोन करायची गरज नाही." त्याने कानातला इअरफोन काढून ठेवला.