कपाटाचं माप

ट्रायल रूमच्या दारावरून काळा थर्मल बाहेर पडला, पाठोपाठ आवाज.

"हा पण ढगळ होतोय रे. एक्सएल म्हणून तंबू विकायला लागले की काय?"

चुन्यानं थर्मल झेलला. "कंपनीच तसली आहे. यांची मापं हत्तीच्या अंगावर घेतलेली असतात. थांब, दुसऱ्या कंपनीचा आणतो."

"आण. पण एक्सएलच आण. मला ओळखतोस ना?"

न ओळखायला काय झालं? गोलसमोर उभा राहिला की मागची जाळी दिसायची नाही, म्हणून सगळी टीम त्याला कपाट म्हणायची. आणि टीममधल्या एकालाही चुना लावायचा ज्यानं बाकी ठेवला नव्हता, तो चुन्या. थंडीत दर रविवारी सकाळी, गवतावरचं दव पांढरं कडक झालेलं असताना, ही सुटलेल्या पोटांची पलटण मैदानात उतरायची. गेला हिवाळा कपाट अंथरुणात होता. या रविवारी येणार म्हणत होता.

काल कपाटाच्या बायकोनं चुन्याला जिन्यात गाठलं होतं. "भाऊजी, डॉक्टरांनी औषधं बंद केलीत. म्हणाले, आता काही उपयोग नाही, घरी ठेवा, मागतील ते खायला द्या. यांना वाटतंय, औषधं बंद झाली म्हणजे बरे झाले. मी काही बोलले नाही. तुम्ही पण बोलू नका."

चुन्या थर्मलच्या रॅककडे गेला. मागून दुकानातल्या बाई आल्या.

"दादा, तुमच्या मित्राला एक्सएल नका देऊ. हा कपडा अंगाला चिकटून बसला तरच कामाचा. सैल राहिला की आत वारा फिरतो, घाम अंगावरच गार होतो, आणि खेळता खेळता माणूस काकडतो. त्यांना मीडियम लागेल." त्यांनी ट्रायल रूमकडे नजर टाकली. "खरं म्हणजे स्मॉलच."

"बाई, जरा हळू," चुन्या म्हणाला.

त्यानं एक मीडियम काढला, एक एक्सएल काढला. गळ्याच्या आत माप छापलेलं नाही ना, ते आधी बघून घेतलं. मग दोन्हींच्या बाहीला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी सोडवायला लागला. दोरीची गाठ काही सुटेना.

"हे काय चाललंय?"

"मित्राची जरा गंमत करतोय."

"गंमत? आणि बिलाच्या वेळी घोळ झाला की मालक माझी गंमत करतील."

"तेव्हा परत बदलून देतो. शप्पथ."

बाईंनी अशी शपथ घेणारी गिऱ्हाइकं रोज बघितली असणार. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोंड हसतच होतं. बोटं मात्र गाठीवरून सारखी घसरत होती. त्यांनी त्याच्या हातातून दोन्ही थर्मल घेतले, कात्रीनं दोऱ्या कापल्या, आणि एक्सएलची चिठ्ठी मीडियमच्या बाहीला स्वतः बांधून दिली.

चुन्यानं थर्मल दारावरून आत टाकला. "हा घे. खास तुझ्यासारख्या गोदामांसाठी आहे."

आत खुडबुड झाली. कोपर भिंतीला आपटलं. मग खोकला.

"मदत करू का रे?"

"कपडे घालायला? लग्न लावलंयस का माझ्याशी?"

"तसलं नशीब नाही माझं. बाहेर ये, नाहीतर दुकानवाले भाडं लावतील."

"रविवारी तू डिफेन्सला असशील ना?"

"असेन की."

"मग मला दोन थर्मल लागतील. तू असलास की सगळा खेळ माझ्याच अंगावर येतो."

चुन्या हसला. हसताना दाराच्या फळीला टेकून उभा राहिला.

कडी निघाली आणि कपाट बाहेर आला. थर्मल छातीवर ताणून बसला होता, पोटावर ताणून बसला होता, सुरकुतीसुद्धा नव्हती. एक हात पाठीमागे घेऊन तो एखाद्या पाहणीला आलेल्या साहेबासारखा उभा राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं बाहीची चिठ्ठी पुढे धरली.

"वाच. एक्सएल. आणि तोही घट्ट होतोय."

"मग? सांगत होतो ना, आधीच्या कंपनीचाच घोळ होता."

"पोट परत आलं बाबा माझं."

"येणारच. खा अजून. रविवारी जाळी दिसली नाही पाहिजे."

बोलता बोलता चुन्याची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. ट्रायल रूमचं दार उघडंच होतं आणि आतल्या आरशात कपाटाची पाठ दिसत होती. पाठीमागच्या हातानं त्यानं मूठभर कापड गोळा करून आवळून धरलं होतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुठीच्या वर पाठीचा एकेक मणका मोजून घ्यावा असा दिसत होता.

चुन्यानं नजर काढली, पण उशिरा. कपाट त्याच्याकडेच बघत होता.

"फोटो काढ माझा," कपाट म्हणाला. "तुझ्या वहिनीला पाठव. बिचारी दोन घास जेवेल तरी."

चुन्यानं खिशातून फोन काढला. त्याला पडद्यावर नीट काही दिसेना.

"समोरूनच काढ," कपाट म्हणाला. "आणि जरा लवकर, हात भरून आलाय."