खालच्या शेताचा नमुना

"पिशवीवर नुसतं 'खालचं शेत' लिहिलंय. कुणाचं खालचं शेत?" मातीच्या बाईंनी हातातला कागद उंच धरून विचारलं.

बाई माती तपासणाऱ्या तज्ज्ञ होत्या, पण शेतकऱ्यांनी पहिल्याच वर्गाला त्यांचं नाव मातीच्या बाई ठेवून टाकलं होतं. सुट्टीचा दिवस, शाळेचा हॉल आणि मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून बसलेली चाळीस मोठी माणसं. मागच्या वर्गाला प्रत्येकाने आपल्या शेतातल्या मातीचा नमुना आणून दिला होता. आज निकाल होता.

"आमचं," सून म्हणाली. शेजारी बसलेले सासरे खिडकीबाहेर बघू लागले. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत.

सुनेचा सगळा जीव त्या कागदात अडकला होता. खालचं शेत ती कसायला लागल्यापासून तिथलं पीक वीतभर वाढायचं आणि पिवळं पडायचं. "तिच्या हाताला गुण नाही," असं सासरे घरी म्हणाले, शेजारीपाजारी म्हणाले आणि मागच्या वेळी याच हॉलमध्ये चहा पिताना चारचौघांत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, जिभेला मात्र हाड नव्हतं. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मातीत काहीतरी खोट निघू दे, एवढंच ती मनातल्या मनात म्हणत होती.

"अहो, काय माती आहे!" बाई म्हणाल्या. "कस भरपूर, चुनखडी नावालाही नाही. इतक्या वर्षांत असा नमुना माझ्या हाताखालून गेलेला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय पिकतं हो तुमच्या या शेतात?"

"काही नाही," सून म्हणाली. "सगळं पिवळं पडतं."

टाळ्या थांबल्या. बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. "मग दोष मातीचा नाही. पेरण्यात नाहीतर पाणी देण्यात काहीतरी चुकत असणार."

पुढच्या बाकावरची दोन डोकी वळून मागे बघायला लागली. सुनेने दोन्ही हात बाकाखाली घेतले.

सासऱ्यांनी ते पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, तेही सहीशिक्क्यासह. गप्प बसायला इतकी सोयीची वेळ त्यांना जन्मात पुन्हा मिळाली नसती. ते उठले. उठताना गुडघा बाकावर आपटला.

"बाई, ती माती खालच्या शेतातली नाही."

"मग कुठली?"

"परसातली. गोठ्यामागची. चाळून आणली होती."

"अहो, पण कशासाठी?"

"तुम्हीच म्हणालात ना, नमुना आणा? नमुना म्हणजे दाखवायची चीज. चारचौघांत मांडायची म्हटल्यावर रद्दड माती कोण आणेल?"

हॉलमध्ये हशा पिकला. "तू स्वतःच एक नमुना आहेस!" मागून कुणीतरी ओरडलं. सासऱ्यांचे कान लाल झाले, पण ते खाली बसले नाहीत.

बाई हसल्या नाहीत. "अशी निवडून आणखी कुणी आणली?"

हशा विरला. खिडकीपाशी एक हात वर झाला. मग तिसऱ्या बाकावरचे दोन. शेवटी त्या ओरडणाऱ्याचाही. मोजले तर अकरा भरले. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सुनेला आधी सासऱ्यांचा संताप आला. मग तिच्या एकदम डोक्यात आलं, की आपला निकाल अजून लागलेलाच नाही. ती ताडकन उठली. "बाई, बाहेर आमच्या गाडीत फावडं आहे. काल खालच्या शेतात चर खणला, तिथली माती अजून त्याला चिकटलेली आहे."

बाईंनी टेबलावरची बशी आणि आम्लाची बाटली उचलली आणि तिघंही बाहेर गेली. बाईंनी फावड्याच्या पात्यावरची ढेकळं खरवडून बशीत घेतली आणि बाटलीतल्या आम्लाचे चार थेंब वर सोडले. माती फसफसली. बशीच्या काठापर्यंत पांढरा फेस आला.

"चुनखडी," बाई म्हणाल्या. "भरमसाट. अशा जमिनीत पीक पिवळं पडणारच. कुणीही पेरलं असतं तरी."

"कुणीही?" सुनेने विचारलं.

"मी पेरलं असतं तरी. यावर उपाय आहे. पुढच्या तासाला तोच शिकवणार आहे." बशी तिच्या हातात देऊन बाई आत गेल्या.

सुनेने फेस पूर्ण बसेपर्यंत बशीत पाहिलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं तिला हलकं वाटलं, आणि ती हसायला लागली. "म्हणजे मामंजी, शेतच आपल्याला चुना लावत होतं!"

सासऱ्यांना हसू आलं नाही. "दोन वर्षं बोललो गं तुला."

"दीड," सून डोळे पुसत म्हणाली. "पहिले सहा महिने तुम्ही बियाण्यांच्या दुकानदाराला बोलत होता."

"त्याच्याकडे उद्या जाऊ," सासरे म्हणाले. "आधी तुझं."

ते तरातरा हॉलमध्ये शिरले. बाईंनी खडू हातात घेतला होता, बाकीची माणसं वह्या उघडत होती. सासरे आपल्या बाकाकडे गेले नाहीत. फळ्यापाशीच उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"बाई, सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय. तुम्हाला नाही, या सगळ्यांना."