एकच हुकूम

"बस," फोरमन म्हणाला.

काजळ बसली नाही. ती चारही पायांवर ताठ उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या खुर्च्यांकडे बघत राहिली. परीक्षकबाईंनी पेन उचललं. श्वानांच्या आज्ञापालन चाचणीत हुकूम एकदाच द्यायचा असतो. दुसऱ्यांदा दिला की त्या प्रकाराचे गुण गेले. हे फोरमनला कुणी शिकवायला नको होतं. कारखान्याच्या भट्टीवर तीस वर्षं त्यानं माणसांनाही हुकूम एकदाच दिला होता.

"बस!" तो ओरडला.

गुण गेले, आणि कुत्री तरीही उभीच. मग "आडवी हो" झालं, "थांब" झालं. "ये" म्हटल्यावर ती निघाली खरी, पण अर्ध्यात थांबली आणि पुन्हा खुर्च्यांची एकेक रांग धुंडाळू लागली. दोरीपलीकडे कुणीतरी हसलं. परीक्षकबाईंनी कागदावर आडवी रेघ मारली आणि हळूच म्हणाल्या, "आज राहू द्या."

दोन चाचण्या काजळ उत्तम गुणांनी पास झाली होती. तिसरी झाली की तिचं नाव क्लबच्या फलकावर लागणार होतं. फोरमननं त्यासाठी कसूर म्हणून ठेवली नव्हती. मागच्या चाचणीत दोन गुण कापले गेले होते आणि शेरा होता, 'कुत्रीचं लक्ष प्रेक्षकांकडे जातं.' पाणी कुठं मुरतंय ते त्यानं तिथंच ओळखलं. दर वेळी पहिल्या रांगेत त्याची बायको बसायची. म्हणून आज त्यानं तिला घरी ठेवलं होतं. "तू येऊ नकोस. तुला बघून ती बावचळते." बायको "बरं" म्हणाली. पस्तीस वर्षं ती "बरं"च म्हणत आली होती.

आणखी एक गोष्ट तो बोलून बसला होता. आज कुत्री नापास झाली तर गोदामाच्या रखवालदाराला देऊन टाकीन. रखवालदाराला साखळीला बांधायला एक कुत्रं हवंच होतं. फोरमनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळा मोहल्ला जाणून होता. त्यानं मैदानावरूनच रखवालदाराला फोन लावला. "दुपारी ये, घेऊन जा." त्यानं फोन खिशात टाकला. त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. सहा वर्षांत या कुत्रीशिवाय तो एकदाही फिरायला गेला नव्हता. पण शब्द तो शब्द.

घरी बायको इस्त्री करत होती. काजळ पळत जाऊन तिच्या पायांपाशी बसली.

"नापास," फोरमन म्हणाला. "रखवालदार येतोय."

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "एकदा इथं करून घ्या ना तिच्याकडून."

"आता काय उपयोग?"

"घ्या तर."

तो चरफडतच खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. काजळला समोर घेतलं. बायको त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबली.

"बस."

काजळनं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि बसली. पाठ सरळ, कान उभे. दहापैकी दहा गुणांचं बसणं.

फोरमननं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं होतं. मग त्यानं तिच्याकडे पाठ केली, बायकोकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आडवी हो."

बायकोची हनुवटी जराशी खाली झाली. इतकी जराशी, की बघायचंच म्हणून बघितलं नसतं तर दिसली नसती. मागे फरशीवर कोपरं टेकल्याचा आवाज आला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पिल्लू होती तेव्हापासून. तुमचा आवाज चढला की कोपऱ्यात जाऊन लघवी करायची बिचारी. मग मी मागून मान हलवायचे. घाबरू नकोस, ऐक त्यांचं." ती थांबली. "ती तुमचंच ऐकते हो. फक्त आधी मला विचारून घेते."

फोरमन खुर्चीवर बसला.

"आपला मुलगाही असंच करायचा," बायको म्हणाली.

मुलगा आता लांबच्या गावी नोकरीला होता आणि फोन आईलाच करायचा. फोरमनला जेवणाचं टेबल आठवलं. टेबलापलीकडे बसलेला तो पोरगा, बापाच्या खांद्यावरून कुठंतरी मागे बघणारा. "बोलताना माझ्याकडे बघ," म्हणून त्याला किती वेळा झापलं होतं. मग पोरगा खाली मान घालायचा आणि सांगितलेलं काम करायचा. फोरमनला वाटायचं, आपल्या शब्दाला या घरात वजन आहे. एकदाही त्यानं वळून मागे पाहिलं नव्हतं.

दारावरची बेल वाजली. बायको जागची हलली नाही. फोरमनच उठला. दारात रखवालदार होता. हातात नवीकोरी साखळी.

"काय फोरमनसाहेब, न्यायची ना कुत्री?"

शब्द दिलेला होता. उत्तर एकाच शब्दाचं होतं. फोरमननं तोंड उघडलं.

आणि बोलण्याआधी त्यानं मागे वळून बायकोकडे पाहिलं.