ह्यात काय न्हाय

“उचला,” बनाबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या खाटेवर बसलेल्या नवऱ्यापुढं त्यांनी देवाच्या भंडाऱ्याची पुडी उघडून धरली. “उद्या पाय कापायचा म्हणत्यात. आता तरी देवापुढं खरं बोला.”

हंबीररावांनी चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि बायकोच्या डोळ्यांत बघितलं. “मी चोरून कायबी खाल्लेलं न्हाय.”

हात तसूभर हलला नाही. तो हलायचाच नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात या माणसाची हयात गेली होती, आणि त्याच्या मापाला अख्ख्या पंचक्रोशीत कुणी नाव ठेवलं नव्हतं. बनाबाईंना त्या न हलणाऱ्या हाताचाच संताप यायचा. खोटा भंडारा उचलून माणूस इतका शांत राहतोच कसा?

कारण खाल्ल्याशिवाय रक्तातली साखर वाढेल कशी? घरातला गुळाचा डबा त्यांनी कधीच जावेच्या घरी नेऊन दिला होता. लग्नकार्यात त्या बायकांची पंगत सोडून नवऱ्याला खेटून बसायच्या आणि त्याच्या ताटातली जिलेबी उचलून आपल्या ताटात टाकायच्या. पाहुणेरावळे हसायचे. हसू देत. यात्रेला पुरणपोळ्या झाल्या तरी हंबीरराव कटाची आमटी तेवढी पिऊन उठायचे. भाकरीसुद्धा एकीची अर्धी झाली होती. मग माणूस उपाशी राहू नये म्हणून बनाबाई उचगावच्या मोठ्या दुकानातून शुगर-फ्री बिस्किटं आणायच्या, डायट चिवडा आणायच्या. पाकिटावर हिरवं पान आणि पळणारा एक सडपातळ माणूस. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर भरलेली बशी त्या नवऱ्यापुढं सरकवायच्या. “खावा पोटभर. ह्यात काय न्हाय.”

हंबीररावांना ती बिस्किटं भुशासारखी लागायची. तरी ते खायचे. एरवी दिवसभर कामात बुडालेली बायको त्या वेळेपुरती शेजारी येऊन बसते, हातात बिस्किट देते, तर नको कोण म्हणणार?

तरी दर वेळी रिपोर्ट वाईटच यायचा. चौकातल्या टपरीवर खात असणार, दुसरं काय, असं बनाबाईंनी ठरवून टाकलं आणि तिथून भंडारा उचलून शपथ घ्यायला लावणं सुरू झालं. खोटा भंडारा उचलणाऱ्याचं अंग झडतं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. हंबीररावांनीही ऐकलं होतं, आणि त्यांचाही त्यावर पक्का विश्वास होता. अंगठा काळा पडला, मग पाऊल काळं पडलं, तेव्हा बनाबाईंची खात्रीच पटली. आता त्यांना एकच आशा उरली होती. नवऱ्यानं कबूल करायचं, देवापुढं नाक घासायचं आणि देवानं पाय परत द्यायचा.

“ऱ्हाऊ दे. तुमी काय सांगायचं न्हाय,” म्हणत त्यांनी पुडी उशाशी ठेवली. राग होताच, पण माणसाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, पाकीट फोडलं आणि बिस्किट बुडवून त्याच्या तोंडाशी नेलं. “खावा.”

तेवढ्यात रुग्णांना पथ्यपाणी सांगणारी शिवानी खाटेपाशी आली. तिची नजर पाकिटाकडं गेली.

“मावशी, हे रोज खातात?”

“पाकीटभर खात्यात की,” बनाबाई अभिमानानं म्हणाल्या. “गोडाचा कण दिला न्हाय मी. सगळं शुगर-फ्री.”

शिवानीनं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. मग ती जरा हळू आवाजात बोलू लागली. “साखर घातलेली नाही, मावशी. पण सगळा मैदाच आहे. पोटात गेला की त्याची साखरच होते. साधी बिस्किटं काय नि ही काय, ह्यांना दोन्ही सारखीच. चिवड्याचंही तसंच. आणि रोज पाकीटभर म्हणजे...” ती थांबली. तिनं खाटेवरच्या पट्टी बांधलेल्या पायाकडं बघितलं. “कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर हिरवं पान होतं.

शिवानी पुढच्या खाटेकडं गेली. बनाबाईंच्या हातातलं बिस्किट भिजून कपात गळून पडलं. ते काढायचंही त्यांना सुचलं नाही. चिमूट उचलायला लावलेली एकेक वेळ त्यांना आठवायला लागली, आणि त्या प्रत्येक वेळेनंतर पुढं केलेली बशीही आठवली. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

“म्हंजे मीच...”

“बना,” हंबीरराव मध्येच म्हणाले. “मी खाल्लंय.”

“काय?”

“चोरून. टपरीवर. पेढं, जिलेबी, गावंल ते. तुझ्या भीतीनं बोललो न्हाय.” त्यांनी पाकिटाकडं बोट केलं. “ह्यात काय न्हाय.”

इतके दिवस हेच ऐकायला मिळावं म्हणून बनाबाईंनी देवाला साकडं घातलं होतं.

“खोटं बोलताय तुमी.”

“खोटं? थांब.” हंबीररावांनी उशाशी हात नेला. कुणी न सांगता पुडी उघडली आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. “ह्यो बघ. भंडारा उचलून सांगतो, मी खाल्लंय.”

मघाशी तसूभर न हललेला तो हात आता थरथर कापत होता, आणि भंडारा चादरीवर सांडत होता.