चाकांवरचं माहेर

"आई, आणखी एकच चक्कर!" प्रियलनं खिडकीतून ओरडून सांगितलं आणि ती भली मोठी कॅराव्हॅन धरणाच्या काठानं पुन्हा वळली. सकाळपासूनची ही चौथी चक्कर होती.

"डिझेल काय पाण्यासारखं वाहतंय," या पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी सविता चुलीपाशी पुटपुटली.

पिंपळनेरच्या वर, पठारावर, तिचा नवरा राकेश यानं दोन वर्षांपूर्वी धरणालगतची जागा साफसूफ करून घेतली होती. पाण्याचा नळ, विजेचा खांब, दोन संडास. आतच पलंग, शेगडी असलेल्या घरगाड्या घेऊन फिरणारे लोक तिथं मुक्कामाला यायचे आणि सविता त्यांना रांधून घालायची. सावद्याचे केळीचे व्यापारी रिखबचंद, त्यांची बायको भंवरीबाई, मुलगा श्रेयांस आणि मुलगी प्रियल असे चौघं परवा आले होते. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको आणि दिवस मावळायच्या आत ताट वाढलेलं हवं. त्याचं सविताला काही नव्हतं. तिला खुपत होती ती प्रियल.

दोघी एकाच वयाच्या, चोविशीच्या. पण प्रियलच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी, अंगावर रोज नवी साडी, आणि तिच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, अख्खं घर हजर. गाडीही तिच्याच हट्टापायी भाड्यानं आणलेली. तिला झोका हवा झाला, तर साठीचा बाप दोर घेऊन झाडाखाली. तिनं खडीवरून अनवाणी चालायचं खूळ काढलं, तर भाऊ चपला घेऊन मागं मागं. आणि आई? आई तिला घास भरवत होती. चोवीस वर्षांच्या घोडीला!

"गुरुवारच्या मिरवणुकीला हत्ती यायचाय," रिखबचंद फोनवर कुणाला तरी सांगत होते. "बँडवाल्यांना सकाळी सातची वेळ द्या."

प्रियलचा होणारा नवरा कोण, काय करतो, हे सवितानं मुद्दाम विचारलं नाही. विचारलं की सगळं कौतुक ऐकून घ्यावं लागतं. तिच्या स्वतःच्या लग्नात हत्ती सोडा, आईसुद्धा नव्हती.

राकेशशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी शिरपूरकडच्या तिच्या गावात तिच्या आईनं, झुंबरबाईनं, जे दार लावून घेतलं ते उघडलंच नाही. आणि आता आठवड्याभरापासून आईचे फोन यायला लागले होते. सविता फोन नुसता वाजू द्यायची.

आताही तो वाजला. राकेशनं नाव पाहिलं.

"तुनी मायना फोन शे. उचल ना."

"वाजू दे."

"कितला दिन?"

"तिनी तीन वरीस काढात. मी बी काढसू." सवितानं गाडीकडं मान उडवली. "ती पोर पाह्य. माय घास दी ऱ्हायनी तिले. माले कोन इचारस?"

"पाहुना शेत त्या. तू कसाले पोट दुखाडी लेस?"

पोट दुखतच होतं, आणि त्याला औषध नव्हतं. तिला त्या पोरीच्या साड्या नको होत्या, हत्ती नको होता. तिला तो घास हवा होता.

दुपारी प्रियल चुलीजवळ आली. हौसेनं कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापायला बसली. दोन मोडल्या, तिसरी करपवली आणि ती करपलेलीच आवडीनं खाल्ली. मग पायांतले पैंजण काढून तिनं सवितापुढं ठेवले.

"ताई, हे तुम्ही घ्या. मला आता लागणार नाहीत."

"हो, तिकडं नवीन मिळणार असतील."

प्रियल हसली. "तिकडं काहीच लागत नाही."

केवढा हा माज, सविताच्या मनात आलं. "मला दुसऱ्याच्या अंगावरचं चालत नाही," असं म्हणून तिनं पैंजण परत सरकवले. चाललं असतं खरं तर. फक्त हिच्या हातून नको होतं.

हिनं आता रागवावं, निदान तोंड तरी पाडावं, अशी तिची फार इच्छा होती. प्रियलनं हात जोडले. "तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा," म्हणाली आणि उठून गेली. सविताला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची आवराआवर सुरू झाली. प्रियल, बाप आणि भाऊ काठावर फोटो काढत होते. सविता धुतलेली भांडी द्यायला गाडीत चढली, तेव्हा भंवरीबाई आत एकट्याच बसून वाटेसाठी डबा भरत होत्या.

"सावद्याला पोचायला किती वेळ लागेल गं?"

"चार-पाच तास. रस्ता खराब आहे, जास्तही लागेल."

"जास्त लागला तर बरंच," भंवरीबाई म्हणाल्या. "डब्यात तिच्या आवडीचं चुरमं घेतलंय. वाटेत भरवीन."

तीन दिवस दाबून ठेवलेलं सविताच्या ओठांवर आलंच. "काकू, फार सवय लावू नका. गुरुवारनंतर कुठून मिळणार तिला आईच्या हातचा घास? आम्हाला विचारा."

बोलून टाकल्यावर तिला कसं मोकळं वाटलं.

भंवरीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं.

"खरं आहे, बेटा. गुरुवारी दीक्षा घेतेय ती, साध्वी होतेय. मग तिला घर नाही आणि गाडीही नाही, जन्मभर अनवाणी पायी फिरायचं. म्हणून घर आणि गाडी दोन्ही एकत्र मागितलं तिनं, तीन दिवसांसाठी." त्यांनी खिडकीतून काठाकडं पाहिलं. "गुरुवारपासून मी तिची आई नाही. दर्शनाला येणाऱ्या चार बायकांतली एक."